अकरा, दोन, अठ्ठावन्न

—नाही, नाही, ती चिठ्ठी परत खिशात ठेवा. दिलेली चिठ्ठी आम्ही परत घेत नाही. पाटी लावलेली नाही, पण नियम आहे. कधीपासून? आत्तापासून. बसा. खोक्यावर नको, परवा तिकीट खिडकीवाल्या बाई त्यावर बसल्या आणि आत गेल्या, तिघांनी ओढून काढलं — स्टुलावर बसा. आज तुमचा वार नाही, घड्याळसाहेब. तुम्ही गुरुवारी येता, शिडी लावता, काटे पुसता, घड्याळाला किल्ली देता, उतरता, वजन करता आणि जाता. आज हातात पेटी नाही, शिडी मागितली नाहीत, आणि येताना मान वर करून पाहिलंत तरी का? घड्याळ मागे पडलंय. नाही पाहिलंत. घड्याळवाला माणूस घड्याळाखालून वर न बघता आला — म्हणजे प्रकरण गंभीर आहे. चहा घेणार? नाही घेणार. म्हणजे फारच गंभीर आहे.

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, त्या लाँचचं इंजिन चालू आहे — 'हे यंत्र एकच चिठ्ठी दोघांना देतं का?' हा प्रश्न तुमचा नाही. हा प्रश्न तिकीट खिडकीतून आलाय. बरोबर ना? बाई तिकिटं कमी आणि बातम्या जास्त फाडतात. तर मला नीट समजून घेऊ द्या, मी शाळेत फार टिकलो नाही, मला सगळं एकेक करून लागतं. येत्या शुक्रवारी तुम्ही आणि माझी नात नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करणार. का? तर बाहेर उभं असलेलं ते वजनाचं यंत्र — नाणं टाका, जन्मदिवस दाबा, वजन आणि भविष्य एका चिठ्ठीत घ्या — त्या यंत्राने तुम्हाला चिठ्ठी दिली, 'ज्याच्या हातात हीच चिठ्ठी असेल, त्याचा हात सोडू नका.' आणि मग एके दिवशी माझ्या नातीच्या हातात तीच चिठ्ठी आली. शब्दन् शब्द तीच. ती तुम्हाला म्हणाली, माझ्या यंत्रातून एकच चिठ्ठी दोघांना आपोआप येऊच शकत नाही. यंत्राचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला, म्हणून तुम्ही मानलंत. आता बाईंनी सांगितलं की येते, आली होती, त्यावरून बोटीच्या या हॉलमध्ये मारामारी झाली होती. आणि तुम्हाला वाटतं, पोरगी फसली. यंत्राच्या चुकीला दैव समजून लग्नाला उभी राहिली. चारच्या बोटीने ती कागदाची रिळं घेऊन उतरली की तुम्ही तिला हे सांगणार आणि मोकळं करणार. बरोबर? — प्रामाणिक माणूस. मला प्रामाणिक माणसं फार आवडतात. थट्टा करायला सोपी पडतात.

इकडे या. उठा, या, लाजू नका, शुक्रवारनंतर घरचेच होणार तुम्ही — किंवा नाही होणार, ते चारच्या बोटीवर आहे. या फळीला भोक दिसतंय? डोळा लावा. काय दिसतं? यंत्राची पाठ, बाकं, तिकीट खिडकी, आणि यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड, अगदी नाकासमोर. आता हा इकडचा कीबोर्ड बघा. आता माझ्याकडे बघा. कळलं का भविष्य कोण लिहितं? — अहो, असे पांढरे पडू नका, बसा. तुम्हाला काय वाटलं, लोखंड लिहितं? लोखंडाला कुठून कळणार की समोरचा माणूस बायकोला न सांगता बोटीत बसायला आलाय? ते भोकातून दिसतं. माणूस वजनाच्या यंत्रावर उभा राहिला ना, की पोट आत घेतो, श्वास धरतो, आणि सगळं खरं तोंडावर येतं. मी बघतो आणि लिहितो. कधी बरं लिहितो, कधी जरा गंमत करतो. जास्त वेळा गंमत करतो.

पूर्वी यंत्रात पिंप होतं. मी चिठ्ठ्या लिहून पिंपात टाकायच्या, नाणं पडलं की पिंप फिरायचं आणि हाताला लागेल ती चिठ्ठी बाहेर. त्यात काय व्हायचं — एक बाई आल्या, वजन केलं, चिठ्ठी आली 'प्रवास लाभेल'. खूश. बोटीला उशीर होता म्हणून पुन्हा वजन केलं, चिठ्ठी आली 'आज घराबाहेर पडू नका'. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या माझ्या तोंडावर फेकल्या आणि म्हणाल्या, बाबा, एक काहीतरी ठरव. मला त्यांचं पटलं. खोटं बोलायचं तर दोन्ही वेळा तेच बोलायला हवं. पण एवढ्या लोकांना काय काय सांगितलं ते ध्यानात कोण ठेवणार? नात म्हणाली, आबा, मी ठेवते. पिंप काढलं, आत बिस्किटांच्या डब्याएवढा कॉम्प्युटर बसवला.

तिने मला समजावलं ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमची चूक नेमकी कुठली ते कळेल. ती म्हणते, आबा, तुम्ही म्हणजे फंक्शन. मी म्हटलं, शिवी देतेस का? नाही म्हणे — फंक्शन म्हणजे एका बाजूने काही घातलं की दुसऱ्या बाजूने उत्तर काढणारी वस्तू. आणि घालतो ते आर्ग्युमेंट. मी म्हटलं, आर्ग्युमेंट म्हणजे वाद ना? ती म्हणाली, तुमच्याशी बोलताना तोच होतो, पण इथे नाही. इथे तीन आर्ग्युमेंटं — जन्माचा दिवस, जन्माचा महिना, आणि वजन. दिवस-महिना गिऱ्हाईक स्वतः दाबतं, वजन यंत्र घेतं. ही तीन जोडून आकड्यांची एक माळ करायची, तिला ती स्ट्रिंग म्हणते, आणि ती माळ म्हणजे चावी. चावी घेऊन यंत्र आत बघतं, या चावीची चिठ्ठी आधी लिहिलेली आहे का? असली तर तीच पुन्हा छापतं, मला उठवत नाही. नसली तर इथे घंटी वाजते, मी भोकाला डोळा लावतो, नवी चिठ्ठी टाइप करतो, ती बाहेर जाते आणि त्या चावीखाली कायमची जपून राहते. म्हणजे एकदा डोकं चालवायचं आणि जन्मभर त्याचंच खायचं. मला वाटलं, सरकारी नोकरीच लागली.

अहो, काय मजा व्हायची! वजन हे आर्ग्युमेंट आहे ना — मग वजन किलोभर बदललं की चावी बदलली, चावी बदलली की भविष्य बदललं. पलीकडच्या धक्क्यावरचे ते वकील माहीत आहेत? त्यांना चिठ्ठी मिळाली होती, 'घरात तुमचा शब्द चालेल.' माणूस इतका हरखला की रोज येऊन तीच चिठ्ठी घ्यायचा आणि घरी नेऊन दाखवायचा. मग कुठेतरी जेवण झालं, काटा एक किलो पुढे. घंटी वाजली. मी लिहिलं, 'गप्प बसण्यात सुख आहे.' तेव्हापासून वकीलसाहेब सकाळी धक्क्यावर पळतात, यंत्रावर चढण्याआधी बूट काढतात, घड्याळ काढतात, एकदा तर चष्माही काढला आणि मग बटणं दिसेनात. डॉक्टरांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते माझ्या एका ओळीने केलं. आणि ते लाँच चालवणारे तांडेल — ते एकदा नुसतं पाच दाबायचे आणि एकदा शून्य-पाच दाबायचे. माणसाला पाच ते पाचच, पण माळेला शून्य हा वेगळा मणी. चावी वेगळी, चिठ्ठी वेगळी. त्यांना वाटायचं, समुद्रावर जाताना एक नशीब आणि येताना दुसरं. मग नातीने पुढचं शून्य गाळून टाकायची सोय केली. मला वाईट वाटलं. तांडेलांनाही.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्ही पहिल्यांदा वजन केलंत तो गुरुवार मला लख्ख आठवतो. घंटी वाजली, भोकाला डोळा लावला — समोर हे तोंड. टोपी काढून हातात धरलेली, जसं काही डॉक्टर आत बोलावणार आहेत. माणूस काठीसारखा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि यंत्राच्या काट्याकडे असं बघतोय की काटा कुठे अडकतोय का. मी म्हटलं, याला काय लिहावं? याला धनलाभ लिहिला तर हा हिशेब विचारेल. प्रवास लिहिला तर वेळ विचारेल. मग माझ्या डोक्यात आलं. नातीने मला छातीवर हात ठेवून सांगितलेलं, आबा, प्रत्येकाची चावी वेगळी, एकाची चिठ्ठी दुसऱ्याला जाणारच नाही. मग मी लिहिलं, 'ज्याच्या हातात हीच चिठ्ठी असेल, त्याचा हात सोडू नका.' म्हणजे बघा — जी चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या हातात येणंच शक्य नाही, ती शोधत हा बापडा जन्मभर लोकांच्या हातांकडे बघत बसणार. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

आणि तुम्ही बघायलाही लागलात की! दर गुरुवारी तेच वजन, अठ्ठावन्न — तुमच्या घड्याळांपेक्षा तुमचं वजन नेमकं आहे — दिवस तोच, महिना तोच, म्हणून चिठ्ठी तीच. तुम्ही ती वाचायचात, घडी घालायचात, आणि मग बाकांवर बसलेल्यांच्या हातांकडे हळूच नजर. एकदा एका भल्या गृहस्थाच्या हातात औषधाची चिठ्ठी होती, तुम्ही त्यांच्या मागे जाऊन वाकून वाचलीत. मी इथे फळीला धरून हसतोय, आणि माझी नात — तिथे कोपऱ्यात बसून चिठ्ठ्या छापायचा रोलर साफ करत होती — म्हणाली, आबा, त्यांना का छळता? मी म्हटलं, कोण छळतंय, मी त्याला आशेवर ठेवलंय.  ती रोलर मात्र बराच वेळ पुसत होती. कधी नव्हे एवढा स्वच्छ झाला.

हो, मारामारीचं विचारताय. तेच सांगतोय, घाई काय, बोट अजून दिसतसुद्धा नाही. एके दिवशी बेकरीवाले आले. भला माणूस, वजन चौऱ्याण्णव. जन्म दोन नोव्हेंबर. त्यांना चिठ्ठी आली, 'सावध, आज भेटणारा माणूस तुमची नक्कल करतो.' त्यांच्या मागोमाग हेडमास्तर. त्यांचंही वजन चौऱ्याण्णव, जन्म एकवीस जानेवारी. मी घंटीची वाट बघतोय, घंटी वाजेचना. आणि बाहेर चिठ्ठी छापून गेली. कुठली? तीच! बेकरीवाल्यांची! अहो, हिशेब करा — दोन, अकरा, चौऱ्याण्णव. जोडा. दोन-एक-एक-नऊ-चार. आता एकवीस, एक, चौऱ्याण्णव. जोडा. दोन-एक-एक-नऊ-चार. मणी तेच, माळ तीच! दिवस कुठे संपतो आणि महिना कुठे सुरू होतो, हे माळेत कुठे लिहिलंय? मध्ये रेघच नाही. पोरीने तिन्ही आकडे एकमेकांना खेटून उभे केले आणि मध्ये भिंत घालायला विसरली. झालं. दोघंही गोल, दोघांच्याही हातात तीच चिठ्ठी, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बेकरीवाले म्हणाले, तुम्ही माझी नक्कल करता. हेडमास्तर म्हणाले, मी? तुम्ही माझी करता! हे म्हणाले, पोट बघा तुमचं, ते म्हणाले, आधी आरशात बघा. हेडमास्तरांनी छत्री उगारली ती नेमकी वरच्या घड्याळाला लागली आणि काच खळकन् खाली. दोघांचीही बोट चुकली. पुढच्या बोटीने दोघं एकाच बाकावर बसून गेले, कारण बाकी बाकं काचांनी भरली होती. मी आयुष्यात इतका सुंदर दिवस पाहिला नाही.

तर उत्तर असं, की हो. देतं. एकच चिठ्ठी दोघांना देतं हे यंत्र. बाईंनी सांगितलं ते खरं. आणि तुमचाही हिशेब अगदी तसाच — तुम्ही जन्मलात अकरा फेब्रुवारीला. अकरा, दोन, अठ्ठावन्न. आणि माझी नात एक डिसेंबरची. एक, बारा... जोडा. एक-एक-दोन. आणि इकडे अकरा-दोन, एक-एक-दोन. बघा! माळ तीच! कसलं दैव आणि कसलं काय, एक रेघ राहिली मध्ये, म्हणून तुमचं लग्न ठरलं. तुमचा संशय शंभर टक्के बरोबर. सांगून टाका तिला. प्रामाणिक माणसाने सांगूनच टाकावं. मी तर म्हणतो, बोटीच्या फळीवरच सांगा, उतरायच्या आधी, म्हणजे रिळं घेऊन उतरायचे कष्ट — नाही, रिळं मला हवीत. उतरल्यावर सांगा. नोंदणी कचेरीला मी कळवतो, ती माणसं ओळखीची आहेत, त्यांना मी एकदा लिहून दिलेलं की सही करताना शाई सांडेल, आणि सांडली.

काय? नाही, मला काय आनंद व्हायचाय? मला कशाला आनंद होईल? मी यंत्राबद्दल बोलतोय. यंत्राचा प्रश्न आहे. ती तुमच्या घरी पाण्यापलीकडे गेली, की इथे रोलर कोण साफ करणार? डबा बिघडला तर मला येतं का काही? मला कीबोर्डवर 'ळ' सापडत नाही, तिला हाक मारावी लागते. संध्याकाळी ती तिथे बसते, मी इथे बसतो, मी चिठ्ठी लिहितो, ती मोठ्याने वाचते आणि म्हणते, आबा, हे दुष्टपणाचं आहे. मग मी बदलतो. ती नसली तर दुष्टपणाचं आहे हे मला सांगणार कोण? अहो, एवढीशी होती तेव्हापासून आहे ती इथे. याच यंत्रावर उभी राहायची. वजन दाखवायचा काटा हलायचाही नाही. — जाऊ दे. हे कशाला सांगतोय मी? तुम्ही यंत्राचं विचारलंत. यंत्र चुकलं. विषय संपला. मोडा तुम्ही.

ती लाँच गेली वाटतं. आता जरा ऐकू येईल. तिला ती चिठ्ठी आली त्या दिवशी तुम्ही शिडीवर होतात ना? मी बघत होतो ना इथून. तुम्ही वर, घड्याळाजवळ. ती खाली, खांद्याला लोखंडी पान्यांची पिशवी. सकाळपासून त्या पिशवीत पाने घालत होती, काढत होती, छोटी हातोडी घातली, काढली, पुन्हा घातली — मी म्हटलं, सहलीला निघालीस का? मग दुपारी यंत्र तपासायचं म्हणून गेली, बटणं दाबली, आणि पिशवीसकट चढली काट्यावर. मी भोकातून ओरडलो, अगं, पिशवी ठेव खाली, यंत्र तुझं वजन करतंय, पान्यांचं नाही! ती म्हणते, राहू द्या आबा, मोजून भरलीय. घंटी वाजली नाही. चिठ्ठी सरळ बाहेर. तिने वाचली, वर पाहिलं, आणि चिठ्ठी हातात धरून उंच केली — आणि तुम्ही शिडीच्या तीन पायऱ्या एकदम उतरलात, तेही पायांनी नाही. मी मनात म्हटलं, आली पुन्हा तीच भानगड, बेकरीवाल्यांची. आणि गप्प बसलो. मजा बघत. तुम्ही खाली पडलेले, ती तुम्हाला उठवतेय, तुम्ही खिशातून तुमची चिठ्ठी काढताय — असा तमाशा मी मोडणार होतो होय? तुम्ही वर काय करत होतात तेव्हा? किल्ली देत होतात?

काच.

काच बसवत होतात. कुठली काच? घड्याळाची. हेडमास्तरांच्या छत्रीने फुटलेली. बरोबर, नवी काच आणली होतीत तुम्ही, कागदात गुंडाळून, मला आठवतं ना, ती काच तिने खालून वर दिली तुम्हाला. म्हणजे मारामारी आधी. काच नंतर. चिठ्ठी त्याच्याही नंतर.

थांबा. थांबा हं जरा. बोलू नका.

तुम्ही बोलत नाहीच आहात, तरी पण नका बोलू. मारामारी झाली त्याच संध्याकाळी ती इथे बसली, मान खाली घालून. मी चिडवत होतो, म्हटलं, छातीवर हात ठेवून सांगितलंस ना, प्रत्येकाची चावी वेगळी? फार लागलं तिला ते. तिथल्या तिथे मध्ये रेघ घातली. दिवस, रेघ, महिना, रेघ, वजन. मी स्वतः पाहिलं — दोन-अकरा-चौऱ्याण्णव वेगळं, एकवीस-एक-चौऱ्याण्णव वेगळं, दोन्ही दाबून पाहिलं आम्ही. आणि मग म्हणाली, आबा, जुन्या चाव्यांना रेघ नाही, नव्या चावीने जुन्या चिठ्ठ्या सापडणार नाहीत, सगळ्यांना नवी भविष्यं लिहावी लागतील. मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. तर ती एकेक जुनी चिठ्ठी काढून, वाचून, नव्या चावीखाली लावत बसली. एकेक. वाचून. मी विचारलं, कुठवर आलीस? ती म्हणाली, अकरा-दोन-अठ्ठावन्न. आणि तिथे थांबली होती. मला वाटलं, थकली.

म्हणजे तुम्ही शिडीवर होतात तेव्हा रेघ होती. यंत्र दुरुस्त होतं. एक-बारा दाबून अकरा-दोनची चिठ्ठी यायचं काही कारणच नाही. तिने स्वतःचा दिवस दाबला असता तर घंटी वाजली असती, मी उठलो असतो, नवी लिहिली असती. घंटी नाही वाजली. मग तिने काय दाबलं? — दिवस तुमचा दाबला. महिना तुमचा दाबला. दाबायचं काय, कुणीही दाबेल. पण वजन? वजन यंत्र घेतं, वजनाला खोटं बोलता येत नाही. आणि तिचं कुठलं आलंय अठ्ठावन्न? पोरगी म्हणजे तार आहे, वारा सुटला की मी खिडकी लावून घेतो. अठ्ठावन्न व्हायला तिला —

पिशवी.

मोजून भरलीय, म्हणाली. मला म्हणाली! या भोकासमोर उभं राहून, माझ्या डोळ्यात बघून! सकाळभर पाने घालतेय, काढतेय, तुमच्या वजनाला जेवढं कमी पडतंय तेवढं लोखंड भरतेय, आणि मी तिला विचारतोय, सहलीला निघालीस का! आणि काय सांगितलं तुम्हाला? एकच चिठ्ठी दोघांना आपोआप येऊच शकत नाही. आपोआप! शब्द बघा. एक अक्षर खोटं नाही त्यात. अहो, लोकांना मामा बनवण्यात मी डोक्यावरचे केस घालवले, बेकरीवाले, वकील, तांडेल, नोंदणी कचेरी — आणि माझ्याच फळीमागे, माझ्याच चिठ्ठीने, माझ्या नाकासमोर या पोरीने मला मामा बनवला. आणि मी वर तुम्हाला उलगडून सांगतोय! गप्प बसलो असतो. तुम्ही चार वाजता तिला सांगितलं असतंत, ती मान ताठ करून काही बोलली नसती, तिचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही दोघं प्रामाणिकपणे मोडून मोकळे झाला असतात, आणि ती इथे — संध्याकाळी — 'ळ' — 

हं.

काय बघतोस असा? तुला कळलं ना मी काय बोललो ते? का पुन्हा सांगू, आर्ग्युमेंट काढून? तिला ठाऊक आहे चिठ्ठी कोण लिहितो. तिला ठाऊक आहे ती थट्टेने लिहिली होती. तिला दैव-बिव काही वाटत नाही, तिला तू वाटतोस. त्यासाठी हातोडी खांद्याला लावून वजनावर चढली ती. कुठल्या यंत्राने फसवलं नाही तिला. फसलो ते आपण दोघं, आणि त्यातला एक आत्ता शहाणा झाला. दुसरा अजून तोंड उघडून बसलाय. मिट ते.

ती चिठ्ठी दे इकडे बघू. 'ज्याच्या हातात...' हं. माझ्या हातची एक चिठ्ठी खरी निघाली. हे बाहेर कुणाला सांगू नकोस, धंद्याची बदनामी होईल. लोक उद्या विश्वास ठेवायला लागतील. घे, ठेव खिशात. आणि तिला सांगायचं नाही मला कळलं म्हणून. बिलकुल नाही. तिचं गुपित तिच्यापाशी राहू दे. मला जरा वेळ हवाय, परतफेड करायचीय मला, शुक्रवारच्या आत काहीतरी सुचेल. वजन करून जाऊ नकोस आज, तुला घाम फुटलाय, आकडा चुकेल.

भोंगा ऐकलास? आली बोट. अरे, बसून काय राहिलास, रिळं जड असतात, ती एकटीच — नाही, जड उचलायची सवय आहे म्हणा तिला. ऊठ. स्टूल तिथेच राहू दे. घड्याळ मागे पडलंय, मला दिसतंय, वर बघू नकोस, आज नाही बघायचं घड्याळ. जा.